शून्य पूर्णांक सात

पहिली आवृत्ती मी अलका चौकात उभ्याने लिहिली,
म्हणजे वहीत. एका हातात स्टॉपवॉच,
दुसऱ्यात टिळेकर सरांची छत्री, उन्हासाठी.
सिग्नल हिरवा झाल्यावर शास्त्री रोडवरचा दुचाकीवाला
किती वेळ निघत नाही, एवढंच मोजायचं होतं.
शून्य पूर्णांक सात सेकंद.
लक्ष्मी रोडकडून कुणीतरी तांबड्यातच घुसणार
हे त्याला ठाऊक असतं;
म्हणून पाय जमिनीला, मान उजवीकडे, आणि मगच क्लच.
चारशे बारा नोंदी झाल्या. सरासरी कोडमध्ये घातली
आणि उसाचा रस प्यायले.

मग सर म्हणाले, आता चौक काढून टाक.
म्हणजे?
रस्ते नकोत, गाड्या नकोत, पुणं नको.
उरेल ते ठेव.

तीन वर्षं मी चौक काढत होते.
गाडीची वस्तू झाली, वस्तूचा घटक,
सिग्नलची नुसती घटना,
आरशाला आरसा घासणारा रिक्षावाला झाला शेजारी.
पाषाणच्या खोलीत पंखा दोनवरच फिरायचा
आणि आम्ही भांडायचो, की काळ पुढे ढकलायचा कुणी?
ज्याचा त्याने,
की वरून एकाने टाळी वाजवायची?
थत्ते टाळीच्या बाजूचा.
मी विचारायचे, टाळी वाजवणारा तुला चौकात कधी दिसला?
(हवालदार, म्हणायचा. तो तर चहाला गेलेला असे.)

शेवटी दाराला तीन कड्या ठेवल्या:
जन्माला घाल. शेजारी विचार. पुढे सरक.
त्याआधी एकोणतीस बसवून उखडल्या होत्या,
भोकं अजून दिसतात.
आईला सांगितलं, मी डबे करते,
आत कोण काय भरणार मला माहीत नाही.
ती म्हणाली, मग झाकणं लागतात का तेवढं बघ.

लोक भरू लागले.
कुणी गुलटेकडीच्या कांद्याचे भाव, कुणी गोवराची साथ,
कुणी वारूळ. एका केटररने
पंगतीला वाढपी किती लागतील ते काढलं,
तरी मठ्ठा संपलाच.

परवा रत्नागिरीहून साहिल मुकादमचा फोन.
बांगड्यांची झुंड करतोय.
मॅडम, सगळं जमलंय, पण मासे थबकतात.
म्हणजे कसे?
मोठा मासा आला की झर्रकन वळायला हवेत ना,
वळतात. पण आधी जरा थांबतात.
किती?
त्याने आकडा सांगायच्या आत मला कळला होता.

तीन वर्षं झाडलेल्या घरात
कोनाड्यात राहून गेलेला तो एकटा,
नाव नाही, शेजारी टीप नाही, अक्षर माझंच.
अरबी समुद्रात दहा हजार बांगडे
पाय टेकून, माना उजवीकडे वळवून बघतायत
लक्ष्मी रोडकडून कोण घुसतंय.

हसले. मग हसू थांबलं.
म्हणजे कांद्यानेही चढण्याआधी उजवीकडे बघितलं असणार.
गोवरानेही. मुंग्या किती शहाण्यासारख्या चालतात
असं मी भाषणात सांगितलं होतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची:
आकड्याला नाव दिलं, नावाला दार,
ज्याने त्याने आपला आकडा घेऊन आत यावं.
सूचनेत लिहिलं, प्रत्येक जिवासाठी स्वतः मोजून घ्यावे.
काहीच न दिल्यास?
तिथे हात अडखळला, किती वेळ ते मोजलं नाही.
शून्य, असं लिहिलं. ज्यांना सांगता येईल त्यांना सांगितलं.
साहिल म्हणाला, आता झकास वळतायत.

संध्याकाळी घरी जाताना अलका चौक.
हिरवा झाला.
माझा पाय जमिनीला, मान उजवीकडे,
आणि मागच्याने हॉर्न दिला.